‘इंग्रजांच्या काळात नोकरी फक्त हुशारीवर मिळायची’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, आशय तोच. इंग्रजांच्या राज्यात सरकारी नोकरी फक्त हुशारीवर मिळायची. लंडनची परीक्षा सगळ्यांना खुली होती. जात कुणी विचारत नव्हतं, वशिला चालत नव्हता, साहेब लाच घेत नव्हता. आरक्षण स्वातंत्र्यानंतर मतांसाठी आलं आणि कारभाराचा बोऱ्या वाजला. लांबलचक आवृत्तीत आणखी एक शेपूट असतं : नोकरशाहीतल्या सगळ्या सुधारणा इंग्रजांनी आपणहून केल्या. आणि मधेच कुठेतरी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने एक टोमणा, की त्यांनी लायक माणसं काढून कोल्हापूरचा कारभार बुडवला.

आजच्या आरक्षणाबद्दल ज्याला जे मत ठेवायचं ते त्याने ठेवावं. तो वाद इथे घालायचा नाही. मात्र त्या मतासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जो इतिहास साक्षीला उभा केला जातो, तो साक्षीदार खोटा आहे. एकेक विधान घेऊ.

‘लंडनची परीक्षा सगळ्यांना खुली होती’

कागदावर होती. १८५३च्या कायद्याने कंपनीच्या संचालकांच्या चिठ्ठीवर होणाऱ्या नेमणुका बंद झाल्या आणि १८५५ साली आयसीएसची, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस या वरच्या मुलकी नोकरीची, पहिली स्पर्धा परीक्षा झाली. ही सुधारणा खरी होती आणि मोठी होती, हे आधीच मान्य करतो. पेपर तपासणाऱ्याने हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाचे गुण मुद्दाम कापले अशी तक्रार त्या काळच्या आपल्या नेत्यांचीही नव्हती. त्यांची तक्रार होती परीक्षेच्या आधीच्या पायऱ्यांबद्दल.

पहिली पायरी बोटीची. ही परीक्षा हिंदुस्थानात कुठेही होत नसे. १९२२ साली अलाहाबादला पहिल्यांदा झाली, म्हणजे सुरू झाल्यावर ६७ वर्षांनी. तोवर मुंबई-कलकत्त्याच्या पोराने समुद्र ओलांडायचा, वर्ष-दोन वर्षं विलायतेत राहायचं, खर्च घरच्यांनी करायचा, आणि नापास झाला तर परत येऊन जातवाल्यांपुढे प्रायश्चित्तही घ्यायचं. शेतकऱ्याच्या किंवा साध्या कारकुनाच्या मुलाला हे दार ‘खुलं’ होतं असं म्हणायला बरीच कल्पनाशक्ती लागते.

दुसरी पायरी वयाची, आणि इथली कथा मजेदार आहे. सुरुवातीला कमाल वय २३ होतं. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, पहिले हिंदी आयसीएस. मग १८६६ साली मर्यादा २१वर आली. १८६९च्या परीक्षेत एकदम चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या बॅनर्जी आणि ठाकूर या दोघांना वय जास्त असल्याचं कारण देऊन यादीतून काढलं. मॅट्रिकच्या कागदावरचं वय आणि लंडनला सांगितलेलं वय जुळत नाही, असं आयुक्तांचं म्हणणं. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, ‘सोळावं लागलं’ तर सोळा, ही साधी गोष्ट लंडनच्या टेबलावर कुणाला पटेना. बॅनर्जी कोर्टात गेले, तेव्हा कुठे दोघांची नावं परत यादीत आली. पुढे १८७८पासून कमाल वय थेट १९ केलं. एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडातला मुलगा आपल्या शाळेतून सरळ परीक्षेला बसायचा. आपल्याकडच्या मुलाने त्याच वयात परकी भाषा, परका अभ्यासक्रम आणि परका देश असं तिन्ही पार करायचं. ही मर्यादा पुन्हा २३वर जायला १८९२ उजाडावं लागलं. हिंदी मुलं पास होऊ लागली की वय खाली आणि ओरड वाढली की वर, असा तो आलेख दिसतो. कुणी याला योगायोग म्हणेल. मी म्हणत नाही.

तिसरी पायरी विषयांची. मूळ योजनेत ग्रीक ७५० गुणांना, लॅटिन ७५० गुणांना, आणि संस्कृत व अरबी प्रत्येकी ३७५ गुणांना. शेवटी घोडेस्वारीची चाचणी. अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षा पास झाले आणि घोड्यावरून बाद झाले. ते बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत आले हे आपलं नशीब.

इतकं करूनही कुणी पोचत होतं. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८च्या परीक्षेत पहिले आले, सगळ्या इंग्रज उमेदवारांच्या वर. फिरत्या मजकुरात त्यांचं उदाहरण हटकून असतं. पण देशमुख वकिलाच्या घरातले, १९१२च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, आणि केंब्रिजला शिकलेले. त्यांची बुद्धी असामान्यच होती. दार किती अरुंद होतं याचा पुरावाही तेच आहेत, कारण त्यातून जायला चिंतामणराव असावं लागत होतं. १९१५च्या आसपास आयसीएसमध्ये हिंदी अधिकारी जेमतेम ५ टक्के होते.

आणि सगळ्या इंग्रजांनी तरी परीक्षा दिली का? पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा १९१५ साली पार्लमेंटने खास कायदा करून परीक्षेशिवाय आयसीएसमध्ये नेमणुका करायची सोय केली. रणांगणावर गेलेल्या तरुणांना ही सवलत. त्यांच्या त्यागाबद्दल बोलायचं नाही. पण ‘परिस्थिती पाहून परीक्षेत सूट’ ही कल्पना साहेबाला मुळीच अस्पृश्य नव्हती, एवढं लक्षात ठेवावं.

‘फक्त हुशारी’ या शब्दांवर खुद्द व्हाइसरॉयचाही विश्वास नव्हता. ३० मार्च १९०४च्या अंदाजपत्रकी भाषणात लॉर्ड कर्झनने भर कौन्सिलात सांगितलं, की मुलकी नोकरीतल्या सर्वांत वरच्या जागा सर्वसाधारणपणे इंग्रजांकडेच राहिल्या पाहिजेत, कारण राज्यकारभाराची समज आणि चारित्र्याची धमक त्यांच्याकडे काही अंशी वंशपरंपरेने, काही अंशी संगोपनाने आणि काही अंशी शिक्षणाने आलेली असते. वंशपरंपरा हे कारण त्याने पहिलं सांगितलं. त्याच कर्झनच्या कारकिर्दीत, ज्या प्रांतांत दुय्यम दर्जाच्या प्रांतिक नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा होती, तिथे ती बंद करून नेमणुकीची पद्धत आणली गेली आणि काँग्रेसला त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. म्हणजे परीक्षा मागणारे हिंदी पुढारी आणि परीक्षा काढून टाकणारा व्हाइसरॉय. मजकुरात बरोबर उलटं चित्र आहे.

‘जात कुणी विचारत नव्हतं’

या विधानावर जरा थांबावं लागेल, कारण महाराष्ट्रातल्या माणसाने हे वाक्य पुढे पाठवावं याचंच नवल वाटतं.

सरकारी नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर येतो. शंभर वर्षांपूर्वी देशावरच्या माणसासाठी सरकार म्हणजे पाटील, कुलकर्णी आणि गावकामगार महार. सारा गोळा करणं, दप्तर लिहिणं, चावडीची राखण, सरकारी निरोप पोचवणं, भरणा तालुक्याच्या खजिन्यात नेणं, हे सगळं राज्याचंच काम. आणि ही पदं मिळत कशी होती? जन्माने. पेशवाईत तशी पद्धत होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. १८७४ साली मुंबई सरकारने वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा करून ती पक्की केली हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं. वतनदार कोण, वारस कोण, आळीपाळीने काम कुणी करायचं, गुमास्ता कधी नेमता येतो, याची रीतसर कलमं आणि कलेक्टर कचेरीत त्याच्या रीतसर नोंदवह्या. कुलकर्ण्याच्या जागी गावातल्या हुशार माळ्याने अर्ज करावा अशी सोयच नव्हती. महाराच्या पोराने ‘मला हे काम नको’ म्हणावं याचीही फारशी सोय नव्हती, कारण ते काम त्याच्या एकट्याचं नसून घराण्याचं होतं. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांनी दिलं तर बलुतं. बोलावणं मात्र रात्री-अपरात्री.

पुढे काही जिल्ह्यांत कुलकर्ण्यांनी मोबदला घेऊन वतनं सोडली आणि पगारी तलाठी आले. पण महार वतनाचा प्रश्न सुटेना. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते काही मंजूर होऊ शकलं नाही. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने केला १९५८ साली, आणि महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद गेलं १९६२च्या कायद्याने. शंभर टक्के जागा जन्मावर भरणारी ही व्यवस्था इंग्रजांनी चालवली, स्वातंत्र्यानंतर निवडून आलेल्या सरकारांनी मोडली. ‘जन्मावर नोकरी’ ही गोष्ट १९४७नंतर सुरू झाली म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच आजोबांचं जुनं दप्तर उघडावं.

आता लष्कर. मुंबईच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते, कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’ नावाचं शास्त्र निघालं आणि महारांची भरती बंद झाली. धावण्यात, निशाणबाजीत, शिस्तीत कुणी कमी पडला म्हणून नाही. जात पाहून. फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली दक्षिणेतल्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्याकडे, लॉर्ड क्रूकडे, अर्ज धाडला. मागणं काय, तर फौजेत घ्या, पोलिसांत शिपाई म्हणून घ्या, सरकारी खात्यांच्या खालच्या जागांवर घ्या. हे कांबळे पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. कलेक्टरची जागा त्यांनी मागितली नव्हती. शिपायाच्या जागेसाठी लंडनपर्यंत अर्ज करावा लागतो त्या राज्यात जात कुणी विचारत नव्हतं! महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली गेली.

संस्थानांचं चित्रही सरसकट वेगळं नव्हतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराज पाठीशी, पदवी अमेरिकेची. कचेरीतला शिपाई मात्र फाईल हातात न देता लांबून टाकायचा. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून उतरले. ते उघड होताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्या खोलीत गुणवत्तेची काहीच कमतरता नव्हती.

बायकांचा मुद्दा त्या मजकुरात नसतोच, बहुधा कुणाला आठवत नसावा. आयसीएसमध्ये शेवटपर्यंत एकही बाई नव्हती, कारण बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला १८९२ साली कायद्याची परीक्षा पास झाल्या. पदवी हाती पडली १९२२ साली. मधल्या काळात, १९०४पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये, म्हणजे सरकारच्या देखरेखीखालच्या जमीनदारी इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, पडदानशीन जमीनदार बायकांच्या कायदेशीर सल्लागार होत्या. ते पदही त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा मिळालं.

‘वशिला नव्हता, लाच नव्हती’

मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा फुले मंडई, सगळ्यांना माहीत असते. ज्यांच्या नावाने ते बांधलं ते आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. हेच पुढे पुण्याकडे महसूल आयुक्त झाले आणि १८८८ साली निलंबित झाले. आरोप असा, की मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी मध्यस्थामार्फत पैसे घेतले जात. मध्यस्थ हणमंतराव यांना शिक्षा झाली. चौकशी आयोगाने साहेबांना लाचेच्या आरोपातून सोडलं, हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जं उचलल्याचा ठपका तेवढा ठेवला आणि त्यावर त्यांची नोकरी गेली. सरकारने अभय दिलं म्हणून साक्ष द्यायला पुढे आलेल्या मामलेदारांपैकी काहींना मात्र घरी बसावं लागलं. टिळकांनी या मामलेदारांची बाजू घेऊन मोठी चळवळ केली, हे त्यांच्या सुरुवातीच्या सार्वजनिक कामांपैकी एक. बदलीचा भाव, मधला माणूस, साक्षीदाराचा बळी : सगळा मसाला ओळखीचा आहे.

हे एकोणिसाव्या शतकातलं झालं म्हणाल, तर विसाव्याच्या उंबरठ्यावर अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखालचा पोलीस आयोग बसला, १९०२-०३ साली. सरकारने नेमलेला, सरकारी माणसांचा. त्याने लिहिलं की पोलीस दल कार्यक्षम तर नाहीच, शिक्षण आणि संघटना दोन्ही सदोष, देखरेख अपुरी, आणि लोक सर्वसाधारणपणे त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात. कारण कळायला फार डोकं लागत नाही. शिपायाचा पगार किमान ८ रुपये तरी करा, अशी याच आयोगाला शिफारस करावी लागली. वरच्या पोलीस अधिकाऱ्यांची परीक्षा १८९३पासून विलायतेत होत असे, आणि तिचं दार हिंदी माणसाला उघडलं १९२०नंतर.

वशिल्याचं तर काय सांगावं. तालुका कचेऱ्यांत ‘उमेदवार’ नावाची जमात असे. मराठी फायनल किंवा इंग्रजी दोन-चार इयत्ता झालेला पोरगा बिनपगारी नकला करत बसायचा, कुणाची तरी जागा रिकामी होण्याची वाट बघत. बिनपगारी बसणं कुणाला परवडायचं? ज्याचा काका-मामा त्याच गावात कारकून आहे आणि ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण आयतं मिळतं, त्याला. शिरस्तेदाराने, म्हणजे कचेरीच्या मुख्य कारकुनाने, नाव सुचवलं की साहेब सही करायचा, कारण साहेबाला मोडी दप्तर कळत नव्हतं आणि शिरस्तेदाराशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. अशाने कचेऱ्याच्या कचेऱ्या एकेका गोतावळ्याच्या झाल्या. यात कुणी एकाने कट केला असं मला वाटत नाही. जागा अशा भरल्या की परिणाम असाच होतो.

‘आरक्षण स्वातंत्र्यानंतर आलं’, आणि कोल्हापूरचा टोमणा

२६ जुलै १९०२. करवीर सरकारच्या गॅझेटात एक छोटासा हुकूम निघाला. शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. हुकूम असा, की या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्याही त्यातच. ज्या कचेरीत या लोकांचं प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातून करायची, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीला केलेल्या नेमणुकांचा तक्ता पाठवायचा.

त्या शेवटच्या अटीकडे बघा. नुसतं धोरण जाहीर करून हात झटकले नाहीत, तक्ता मागितला. कचेरी चालवलेल्या माणसाला कळेल की हुकूम आणि अंमल यांच्यातलं अंतर तिमाही तक्त्यानेच कमी होतं.

हुकुमाच्या सुरुवातीला कारण दिलं आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सर्व वर्गांत शिक्षण वाढावं म्हणून प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांत त्यांना हवं तसं यश आलं नाही, याचं कारण उच्च शिक्षणाचं फळ पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही, असं महाराजांचं मत. ‘आधी शिका, मग नोकरी मागा’ असं आजही सांगितलं जातं. शाहूंनी ते उलट बाजूने पाहिलं : शिकून कचेरीत बसलेला आपल्यातला एकही माणूस गावात दिसत नसेल, तर कुणबी आपल्या पोराला दहा वर्षं औतावरून उठवून शाळेत कशाला पाठवेल? आणि नोकरीचा हुकूम काढायच्या आधी, १९०१ साली, त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं होतं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान अशा वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पुरवठा आणि मागणी दोन्ही बाजूंनी काम चाललं होतं.

‘लायक माणसं काढली’ हे तर धादांत खोटं. हुकूम रिकाम्या होणाऱ्या जागांपुरता होता. कुणाला काढून टाकायची भाषा त्यात नाही. १८९४ साली महाराजांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण समाजाकडे होत्या. १९१२ साली, म्हणजे हुकुमानंतर दहा वर्षांनी, ९५ जागांपैकी ३५. लोकसंख्येच्या मानाने तेव्हाही कितीतरी जास्त. संस्थानचे दिवाण होते रघुनाथ व्यंकाजी सबनीस, हुकुमाने ज्या प्रभू समाजाला आरक्षणाबाहेर ठेवलं त्यातलेच, आणि महाराजांच्या अखेरपर्यंत तेच दिवाण राहिले. उलट बाजूला भास्करराव जाधवांसारखा एम.ए., एलएल.बी. झालेला माणूस महाराजांनी १८९५ सालीच सेवेत घेतला होता. ते पुढे मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. ‘कारभार बुडवला’ म्हणणाऱ्यांनी राधानगरीच्या धरणाचं बांधकाम कुणाच्या कारकिर्दीत सुरू झालं ते पाहावं. आणि १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमायला ज्याने सुरुवात केली, गावाची कागदपत्रं घराण्यातून काढून कचेरीत आणली, तो माणूस गुणवत्तेचा शत्रू कसा?

एक मर्यादा सांगायला हवी. नुसत्या ५० टक्क्यांच्या आकड्याने तळाच्या जातींना आपोआप जागा मिळत नव्हत्या. पुढे आलेल्यांत मराठे आणि जैन अधिक. अस्पृश्य समाजातले तलाठी आणि वकील कोल्हापुरात दिसले ते महाराजांनी त्यासाठी वेगळे हुकूम आणि वेगळ्या सनदा दिल्या तेव्हा.

कोल्हापूर हे एकटं उदाहरण असतं तरी ‘स्वातंत्र्यानंतर’ हा शब्द खोडायला पुरे होतं. पण म्हैसूरमध्ये १९१८ साली मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत वाटा कसा द्यायचा हे पाहायला मिलर समिती बसली, मद्रासेत जस्टिस पार्टी या ब्राह्मणेतर पक्षाच्या सरकारने १९२१ साली जातवार नेमणुकांचा हुकूम काढला. आणि खुद्द इंग्रज सरकारने ४ जुलै १९३४च्या ठरावाने केंद्राच्या नोकऱ्यांत २५ टक्के जागा मुसलमानांना आणि ८⅓ टक्के इतर अल्पसंख्याकांना राखून ठेवल्या. अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के १९४३ साली आले, आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा. यातली कुठलीही तारीख १५ ऑगस्ट १९४७नंतरची नाही.

‘सुधारणा इंग्रजांनी आपणहून केल्या’

हे थोडक्यात आटपतो. १८९३च्या जूनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ठराव केला की आयसीएसची परीक्षा लंडन आणि हिंदुस्थान अशी दोन्हीकडे एकाच वेळी व्हावी. दादाभाई नौरोजी तेव्हा खासदार होते. ठराव इकडे आला, प्रांतिक सरकारांची मतं मागवली, मद्रास सोडून सगळे विरोधात, आणि ठराव फडताळात गेला. तो प्रत्यक्षात यायला २९ वर्षं लागली.

१९१२ साली सरकारी नोकऱ्यांची पाहणी करायला लॉर्ड इस्लिंग्टनचा आयोग नेमला. त्यात गोपाळ कृष्ण गोखले होते, महादेव भास्कर चौबळ होते. आयोगापुढे आलेले १९१३चे आकडे फार बोलके आहेत. महिना २०० रुपये आणि वरच्या जागांत हिंदी व ब्रह्मी लोक मिळून ४२ टक्के. ५०० रुपये आणि वर, १९ टक्के. ८०० रुपये आणि वर, १० टक्के. पगार चढत जाईल तसा गुणवत्तेचा रंग बदलत जातो. फेब्रुवारी १९१५मध्ये गोखले गेले. अहवाल त्याच वर्षी तयार झाला आणि प्रसिद्ध झाला १९१७ साली. वरच्या जागांपैकी चौथा हिस्सा हिंदी लोकांना द्या, एवढीच त्याची झेप. आयोगाचे एक सदस्य सर अब्दुर रहीम यांनी वेगळं मत नोंदवलं. १९१८च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवालाने हा आकडा ३३ टक्के आणि दर वर्षी दीड टक्का वाढ असा केला, कारण तोवर युद्ध आणि होमरूलची चळवळ यांनी चित्र पालटलं होतं.

मग वरच्या नोकऱ्यांसाठीच नेमलेला १९२३चा ली आयोग. आयसीएसच्या ४० टक्के जागा युरोपियनांना, ४० टक्के थेट भरतीने हिंदी लोकांना, २० टक्के प्रांतिक नोकरीतून बढतीने, म्हणजे पंधरा वर्षांत निम्मेनिम्मे होतील असा हिशेब. वाचकाच्या लक्षात आलंच असेल की हाही टक्केवारीने वाटा ठरवण्याचाच प्रकार आहे, फक्त राखीव जागा कुणासाठी ते वेगळं. त्याच अहवालात गोऱ्या अधिकाऱ्यांना विलायतेच्या बोटभाड्यासकट इतक्या सवलती होत्या की आपल्या लोकांनी त्याला ‘ली लूट’ असं नाव ठेवलं. आणि नेमणुका स्वतंत्र मंडळाकडे द्याव्यात ही १९१९च्या कायद्यात लिहून ठेवलेली गोष्ट ली आयोगाच्या रेट्याने अखेर १ ऑक्टोबर १९२६ रोजी अमलात आली. आज ज्याच्या निकालाच्या दिवशी हा मजकूर फिरतो त्या लोकसेवा आयोगाचा हा पहिला अवतार. त्याचे पहिले अध्यक्षही लंडनहूनच आणले होते, सर रॉस बार्कर.